ठरल्याआधी घरी पाठवलेला गुडघा : याला निष्काळजीपणा म्हणता येईल का?

पायवाट (धागालेखक)

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया पुण्यातील एका खासगी रुग्णालयात झाली. तिचे वय ६८ असून मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात आहे. आम्ही घेतलेल्या पॅकेजमध्ये चार दिवस वॉर्ड आणि त्यानंतर दहा दिवस त्याच इमारतीतील पुनर्वसन विभागात राहून दोन वेळा फिजिओथेरपी, असे छापील स्वरूपात लिहिलेले होते. प्रत्यक्षात पुनर्वसन विभागातील तिसऱ्याच दिवशी, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सातव्या दिवशी, "प्रगती चांगली आहे, घरीच जास्त बरे वाटेल" असे सांगून तिला सोडण्यात आले. त्या दिवशी गुडघा किती वाकतो हे आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि आम्हालाही विचारायचे सुचले नाही. वॉकर घेऊन ती खोलीच्या दारापर्यंत जात होती, पण जिन्याची एकही पायरी तिने चढून पाहिली नव्हती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही आणि ही गोष्ट भरतीच्या वेळी लिहून घेतलेली होती. शेवटी शेजारच्या दोन मुलांनी तिला खुर्चीत बसवून वर आणले.

डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली "घरी फिजिओथेरपी चालू ठेवणे" एवढीच एक ओळ होती. सहाव्या आठवड्यात तपासणीला गेलो तेव्हा गुडघा ६५ अंशांवर अडकला होता. दुसऱ्या सर्जनचे मत घेतले आणि दहाव्या आठवड्यात भूल देऊन गुडघा वाकवून घ्यावा लागला. आता तो १०० अंशांपर्यंत वाकतो. ती हिंडते-फिरते, पण त्या अडीच महिन्यांत तिने जे सोसले ते आम्ही पाहिले आहे, शिवाय सुमारे ९० हजार रुपये जादा गेले ते वेगळेच. माझा प्रश्न सरळ आहे. लवकर घरी पाठवणे हा कायद्याच्या भाषेत निष्काळजीपणा ठरतो का, आणि ठरत असेल तर तो सिद्ध कसा करायचा?

भिंगरी

जावई आणि रुग्ण या दोघांनाही तिसऱ्या दिवशी निरोप देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. फरक इतकाच की जावयाच्या हातात बिल देत नाहीत. थट्टा सोडून एक विचारतो : न मिळालेल्या सात दिवसांचे पैसे परत मिळाले का?

पायवाट

नाही. "पॅकेज एकत्रित असते, त्याचे दिवसांप्रमाणे तुकडे करता येत नाहीत," असे उत्तर बिलिंग खिडकीवर मिळाले.

अस्थिपंजर

मी अस्थिरोग सर्जन आहे, त्यामुळे माझे मत पक्षपाती वाटले तरी मांडतो. सांधेबदलानंतर रुग्णाला लवकर उभे करणे आणि लवकर घरी पाठवणे ही आज चांगल्या उपचाराची खूण मानली जाते. आता निवडक रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातात, आणि रुग्णालयात विनाकारण पडून राहण्याचेही धोके असतात : जंतुसंसर्ग, पायात रक्ताच्या गुठळ्या, शिवाय वृद्धांमध्ये रात्रीचा गोंधळलेपणा. तेव्हा "सातव्या दिवशी सोडले" या एका वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरे म्हणजे, उत्तम शस्त्रक्रिया आणि नियमित व्यायाम होऊनही काही गुडघे ताठर होतात. शस्त्रक्रियेआधी गुडघा किती वाकत होता, मधुमेह आहे का, शरीर व्रणऊती किती जोमाने तयार करते, या गोष्टी डॉक्टरच्या हातात नसतात. भूल देऊन गुडघा वाकवणे ही त्यावरची मान्यताप्राप्त पद्धत आहे. ती करावी लागली म्हणजे आधीच्या कोणाची चूक झालीच, असा अर्थ कृपया काढू नये.

निरगुडी

मी २१ वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करत आहे. अस्थिपंजर यांच्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण त्यांनी एक गोष्ट वगळली. लवकर घरी पाठवण्याची पद्धत जिथे नीट राबवली जाते तिथे दिवस ठरलेले नसले तरी निकष ठरलेले असतात. रुग्ण स्वतःहून पलंगावरून उठतो का, संडासात बसून उठतो का, वॉकरवर न धापता किती चालतो, घरी जितक्या पायऱ्या आहेत तितक्या चढ-उतार करून दाखवतो का, गुडघा सरळ किती होतो आणि वाकतो किती, हे तपासून कागदावर लिहिले जाते. घरचे कोण व्यायाम करून घेणार त्या माणसाला समोर बसवून शिकवले जाते. घरी येणाऱ्या फिजिओचे नाव आणि पहिल्या भेटीची तारीख ठरलेली असते. हे सगळे झाले असेल तर मी चौथ्या दिवशीही निर्धास्तपणे सोडीन, आणि झाले नसेल तर चौदाव्या दिवशीही सोडणार नाही.

पहिल्या सहा आठवड्यांना आम्ही इतके का जपतो तेही सांगते. त्या काळात सांध्याभोवतीची नवी ऊती ओल्या कणकेसारखी असते आणि रोजच्या ताणाने तिला वळण देता येते. तीन महिन्यांनंतर ती घट्ट होते आणि नुसत्या व्यायामाने फारसे हाती लागत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठायला गुडघा नव्वदच्या थोडा पुढे वाकावा लागतो, त्यामुळे ६५ म्हणजे किती अडचण हे ज्याने पाहिले आहे त्यालाच कळते.

पायवाट, तुम्ही तीन कागद मिळवा : फिजिओच्या रोजच्या नोंदी, सोडण्याच्या दिवशीची अंशांची नोंद, आणि सोडण्याचा निर्णय कोणी व का घेतला त्याची नोंद.

टाकसाळ

मी ग्राहक आयोगापुढे वकिली करतो. हा सर्वसाधारण विचार आहे, याला सल्ला समजू नये.

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवले. २०१९ चा नवा कायदा आल्यावर 'आता डॉक्टर यातून सुटले' अशी जी चर्चा झाली, ती मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढली. तक्रार जिल्हा आयोगापुढे करता येते, कारण तुम्ही मोजलेली रक्कम ५० लाखांच्या आत आहे, आणि ती पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या न्यायालयांची कसोटी अजूनही मुख्यतः १९५७ च्या इंग्लंडमधील बोलम निकालाच्या वळणाची आहे : त्या शाखेतला साधारण कौशल्याचा, जबाबदार माणूस असा वागला असता का? यात पुण्याचेच एक जुने प्रकरण आठवते. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाचे मांडीचे हाड मोडले, त्याला पुण्याला आणले गेले आणि उपचारांदरम्यान त्याचा मृत्यू झाला. वडिलांनी लढवलेला तो दावा, जोशी विरुद्ध गोडबोले, १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. डॉक्टरची तीन कर्तव्ये त्या निकालात मांडली आहेत : रुग्ण हाती घ्यायचा की नाही, कोणते उपचार द्यायचे आणि ते कसे द्यायचे, या तिन्ही ठिकाणी वाजवी काळजी घेणे. उपचार कधी थांबवायचे हा निर्णयही उपचारांचाच भाग आहे, असे मी मानतो.

तुमच्या प्रकरणात मला दोन निराळ्या तक्रारी दिसतात आणि त्यांची गल्लत करू नये असे सुचवतो. दहा दिवसांचे पैसे घेऊन तीन दिवस सेवा दिली, ही सेवेतील त्रुटी आहे. ती सिद्ध करायला तज्ज्ञ लागत नाही, पॅकेजचा कागद आणि डिस्चार्जची तारीख पुरेशी होते. लवकर सोडल्यामुळेच गुडघा ताठरला, हा निष्काळजीपणाचा दावा आहे. तो अवघड आहे, कारण तिथे कार्यकारणभाव दाखवावा लागतो.

पोलिसांत जाण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून पक्के आहे.

सोनकी

या सगळ्या चर्चेत एक व्यक्ती कोणालाच दिसलेली नाही. "घरी जास्त बरे वाटेल" हे वाक्य ज्या घराबद्दल बोलले जाते त्या घरात कोणीतरी नोकरीवर रजा टाकून वॉकर धरणार असते, कमोडची खुर्ची धुणार असते आणि सासूबाई कळवळत असताना त्यांचा गुडघा वाकवणार असते. माझ्या सासूबाईंच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला वॉर्डातल्या एका मावशींनी पाच मिनिटांत दाखवले की पाय कसा धरायचा. त्या मावशी फिजिओ नव्हत्या. पुढचे दीड महिना मी त्या पाच मिनिटांवर काढले, आणि मांडी ओलांडून पाय आत वळला तर सांधा निखळू शकतो हे मला तिसऱ्या आठवड्यात इंटरनेटवरून कळले. सांधा निखळला असता तर दावा कोणावर झाला असता हे सांगायला नकोच, घरात माझ्यावरच झाला असता.

अस्थिपंजर

सोनकी, तुमचा मुद्दा मला टोचला आणि तो रास्त आहे. मी स्वतः 'फिजिओ चालू ठेवणे' ही ओळ शेकडो कार्डांवर लिहिली असेल. तिचा अर्थ आम्हाला माहीत असतो, म्हणून तो समोरच्यालाही कळत असेल असे आम्ही गृहीत धरतो. मात्र त्या ओळीची कमतरता आणि ताठर गुडघा यांच्यात सरळ रेघ ओढता येत नाही, हे माझे म्हणणे कायम आहे.

उंबरठा

मी न्यू जर्सीत राहतो. माझे सासरे इथे तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले, त्यामुळे त्यांना मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, आहे. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांना शुश्रूषा व पुनर्वसन केंद्रात ठेवले. मेडिकेअरमध्ये अशा मुक्कामाचे पहिले वीस दिवस आपल्याला काही न भरता आणि शंभराव्या दिवसापर्यंत रोजचा काही वाटा आपण भरून मिळतात, असे आम्ही धरून चाललो होतो. सोळाव्या दिवशी त्यांच्या हातात एक नोटीस दिली गेली की दोन दिवसांनी तुमची सेवा थांबेल, कारण प्रगती थांबली आहे.

फरक इथे आहे. त्या नोटिशीवरच अपिलाचा फोन क्रमांक छापलेला असतो. सेवा थांबण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत फोन केला की बाहेरची एक स्वतंत्र संस्था कागद मागवून तातडीने निर्णय देते. आम्ही अकरा वाजता फोन केला. बायकोने एक मुद्दा लावून धरला : जिमो नावाच्या खटल्यातील २०१३ च्या तडजोडीनुसार केवळ 'सुधारणा थांबली' या कारणाने सेवा नाकारता येत नाही, आहे ती स्थिती टिकवण्यासाठी कुशल मदत लागत असेल तर तीही ग्राह्य असते. आणखी नऊ दिवस मिळाले. दुसऱ्या नोटिशीवरचे अपील आम्ही हरलो, पण तोवर सासरे जिना चढू लागले होते.

नुकसान झाल्यावर दावा लावणे इथेही सोपे नाही. दोन वर्षांची मुदत इथेही आहे, आणि न्यू जर्सीत प्रतिवादीचे उत्तर आल्यापासून साठ दिवसांत त्याच शाखेतल्या तज्ज्ञाचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते, नाहीतर दावा फेटाळला जाण्याची पाळी येते. न्यायालय त्याला एकदा साठ दिवस वाढवून देऊ शकते. म्हणून इथले लोक दाव्यापेक्षा त्या दुपारच्या बाराच्या फोनला जास्त जपतात.

टाकसाळ

उंबरठा यांनी नेमकी उणीव दाखवली. आपल्याकडे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. बिलासाठी अडवून न ठेवता रुग्णाला घरी जाऊ देण्याचा हक्क तिच्यात आहे, कारण आपली नेहमीची तक्रार ती होती. 'मला अजून सोडू नका' म्हणणाऱ्याला दोन दिवसांत निर्णय देणारी खिडकी मात्र तिच्यात नाही.

सांगावा

मी सहा वर्षे एका रुग्णालयाच्या विमा कक्षात बसत असे. पायवाट यांनी एक गोष्ट सांगितली नाही, ती विचारतो. ही शस्त्रक्रिया कॅशलेस होती का? विमा पॉलिसींमध्ये जी प्रमाणित वगळणी छापलेली असते तिच्यातील पाचव्या क्रमांकाची वगळणी विश्रांतीसाठीचा मुक्काम, पुनर्वसन आणि तात्पुरती शुश्रूषा यांबद्दल आहे. शस्त्रक्रिया मंजूर होते, वॉर्डाचे दिवस मंजूर होतात, आणि 'आता फक्त फिजिओथेरपी चालू आहे' असे कागदावर दिसले की मुक्कामाची वाढ नामंजूर होते. त्यानंतर वॉर्डात फोन जातो, आणि एक-दोन तासांत रुग्णाची प्रगती उत्तम होते. मी असे फोन स्वतः केलेले आहेत आणि हे लिहिताना मला त्याचा अभिमान वाटत नाही.

भिंगरी

म्हणजे गुडघा ५० अंश वाकला काय आणि ९० वाकला काय, शेवटी वाकायचे रुग्णाच्या नातेवाइकांनीच.

पायवाट

होय, कॅशलेस होती. वॉर्डाचा भाग विम्यातून गेला आणि पुनर्वसनाचे दहा दिवस आम्ही रोख भरले होते. त्यामुळे विम्याने नाकारले म्हणून सोडले, हे कारण इथे लागू पडत नसावे, असे मला वाटते.

सांगावा

मग खाट हवी असेल. सणाच्या आधी कर्मचारी रजेवर जातात आणि अर्धा विभाग बंद ठेवतात, हेही पाहिले आहे. कोणत्या तारखेला सोडले?

पायवाट

गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी.

घडवंची

आमचे प्रकरण हाताचे आहे, पण ते याच जातीचे आहे. माझा धाकटा भाऊ चाकणला एका कारखान्यात प्रेसवर काम करतो. पत्र्याने त्याच्या मधल्या बोटाची आतली शीर, म्हणजे बोट मिटवणारा कंडरा तुटला. कामगार राज्य विमा योजनेतून शस्त्रक्रिया झाली आणि ती चांगली झाली. डॉक्टरांनी सांगितले होते की पट्टी सहा आठवडे आणि जड उचलणे बारा आठवड्यांनंतर. चौथ्या आठवड्यात फिजिओ विभागात 'आता घरी करा, इथे येऊ नका' असे सांगून नाव कमी केले आणि त्याच आठवड्यात कामावर रुजू होण्याचा दाखला मिळाला. सुपरवायझर वाटच पाहत होता. पाचव्या आठवड्यात ट्रॉली ओढताना टाके तुटले. दुसरी शस्त्रक्रिया झाली, पण ते बोट आता तळहाताला टेकत नाही.

भावाने तक्रार केली नाही. त्याचे म्हणणे असे की, "मी पण रात्री पट्टी काढून झोपत होतो, ते बाहेर येईल." शिवाय कामगार विम्याचे रुग्णालय म्हणजे सरकारी, तिथे फुकट उपचार, मग ग्राहक कसले, असे आम्हाला सगळ्यांनी सांगितले.

टाकसाळ

घडवंची, तुम्हाला चुकीचे सांगितले गेले. सगळ्यांनाच मोफत सेवा देणारे रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर राहते हे खरे, पण कामगार विमा योजनेत कामगाराच्या पगारातून वर्गणी कापली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये किशोर लाल यांच्या प्रकरणात ही सेवा मोफत मानता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. भावाने पट्टी काढली हे बाहेर येईल आणि त्यामुळे भरपाई कमी होऊ शकेल, पण तेवढ्याने तक्रार बाद होतेच असे नाही. अपघाताला किती काळ झाला?

घडवंची

तीन वर्षे आणि दोन महिने.

टाकसाळ

मुदतीनंतरही पुरेसे कारण दाखवले तर आयोग विलंब माफ करू शकतो. मात्र चौदा महिन्यांचा विलंब 'कोणी सांगितले नाही' या कारणावर माफ होण्याची आशा मी देणार नाही. वाईट वाटते.

काजवा

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. असे दावे वाढले तर रुग्णालये रुग्णांना जास्त काळजीने सोडतील, की विनाकारण जास्त दिवस ठेवून घेतील आणि बिल वाढवतील? माझ्या काकांना 'सुरक्षिततेसाठी' पाच दिवस जादा ठेवले होते आणि त्या पाच दिवसांत फिजिओ दोनदाच आला. लवकर सोडले म्हणून दावा आणि उशिरा सोडले म्हणूनही दावा, असे झाले तर डॉक्टरने करायचे काय?

निरगुडी

डॉक्टरने जे पाहिले ते लिहायचे, एवढेच. पायऱ्या चढून दाखवल्या असतील तर 'आठ पायऱ्या, कठडा धरून, एका माणसाच्या देखरेखीखाली' असे लिहायला दहा सेकंद लागतात. तुमच्या काकांच्या कागदावर जादा पाच दिवसांचे कारण लिहिलेले असते तर तुम्हालाही कळले असते की तो मुक्काम उपचारांसाठी होता की बिलासाठी.

टाकसाळ

याच संदर्भात एक निकाल सांगतो. तो पुनर्वसनाचा नाही, पण घरी सोडताना काय सांगायला हवे होते यावरच तो उभा आहे. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये एक मुलगी दिवस भरण्याआधी जन्मली. अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा ठराविक आठवड्यांत तपासावा लागतो. ती तपासणी झाली नाही आणि घरी सोडताना पालकांना तसे सांगितलेही नाही. मुलीची दृष्टी गेली. व्ही. कृष्णकुमार विरुद्ध तमिळनाडू राज्य या नावाने ते प्रकरण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले आणि एकंदर सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मिळाली. त्यात बाळाला लवकर सोडले असा आरोप नव्हता. ज्या आठवड्यांत काहीतरी करता आले असते ते आठवडे कोणी न सांगितल्यामुळे हातचे गेले, हा दोष होता. निरगुडी यांनी सांगितलेले सहा आठवडे आणि ते आठवडे यांची तुलना मी आयोगापुढे नक्की करीन. अस्थिपंजर हसतील, पण करीन.

अस्थिपंजर

हसत नाही. पण त्या प्रकरणात वेळेवर तपासणी झाली असती तर दृष्टी वाचण्याची शक्यता मोठी होती. इथे माझ्यासारखा साक्षीदार उभा राहून सांगेल की दहा दिवस पूर्ण मिळूनही काही गुडघे ताठरतात, आणि उलटतपासणीत तुम्हाला ते खोडून काढता येणार नाही.

टाकसाळ

खोडून काढायचे नाहीच. 'काही' म्हणजे कोणते गुडघे, आणि हा गुडघा त्यांत होता का, एवढेच विचारीन. तेवढ्यासाठी कागद लागतात. पायवाट, २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदींच्या प्रती द्याव्या लागतात, आणि भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. लेखी अर्ज करून पोच घ्या. आयोगापुढे गेलात तर प्रत्येक डॉक्टरला नावाने गुंतवण्याची गरज नाही. सविता गर्ग प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयालाच जबाबदार धरता येते, असे सांगितले आहे.

पायवाट

उशिरा लिहीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. ७२ तासांचे १९ दिवस झाले, पण इनडोअर पेपरच्या प्रती मिळाल्या. काल रात्री बहिणीबरोबर बसून सगळी ६१ पाने वाचली.

फिजिओच्या नोंदी व्यवस्थित आहेत, तिचे अक्षरही सुरेख आहे. सोडण्याच्या आदल्या संध्याकाळची नोंद अशी आहे : वाकणे ५५ अंश, पूर्ण सरळ होण्यात दहा अंशांची कमतरता, पायऱ्या सुरू केलेल्या नाहीत, रुग्ण दुसऱ्या मजल्यावर राहते, आंतररुग्ण फिजिओथेरपी आणखी सात दिवस सुचवली. त्याखाली दुसऱ्या दिवशी सकाळी ९.१० ची निवासी डॉक्टरांची नोंद आहे : "स्थिर. आज डिस्चार्ज." यापलीकडे काही नाही. पुनर्वसन विभाग त्या दिवसापासून दहा दिवस बंद होता हे आम्हाला एका परिचारिकेकडून कळले. तो कागद मात्र आमच्या हाती नाही.

आता दुसरी बाजूही लिहिणे भाग आहे, कारण इथल्या सर्वांनी इतका वेळ दिला आहे. शेवटच्या पानावर माझी सही आहे. त्यात छापलेले आहे की घरच्या फिजिओथेरपीची व्यवस्था नातेवाईक करतील आणि त्यांना व्यायाम समजावून सांगितले आहेत. सही करताना मी ते वाचले नव्हते. खाली रिक्षा थांबली होती. आम्ही ठरवलेला फिजिओ गणपतीला गावी, राजापूरला गेला आणि तेराव्या दिवशी परतला. त्या बारा दिवसांत आई पलंगावर बसून पाय हलवत होती, पण गुडघा वाकवायला तिने आम्हाला हात लावू दिला नाही आणि गौरीजेवणाच्या धांदलीत आम्हीही तिला आग्रह केला नाही. दुसरा कोणी शोधता आला असता. आम्ही शोधला नाही.

सोनकी

हे लिहिल्याबद्दल आदर वाटतो. "आम्ही" म्हणजे घरातले नेमके कोण, हे मी विचारणार नाही.

निरगुडी

५५ अंशांवर असलेल्या गुडघ्याला पहिल्या पंधरवड्यात बारा दिवसांचा खंड पडणे फार महागात जाते. पण तो खंड पडू शकतो हे ओळखणे हेच सोडणाऱ्याचे काम होते. माझ्या व्यवसायभगिनीने ते ओळखून लिहिले होते. तिची शिफारस का डावलली, याचे एक वाक्यही त्या कागदात नाही, हे मला सर्वांत गंभीर वाटते.

अस्थिपंजर

मी माझे मत थोडे बदलतो. लवकर सोडण्यात दोष नाही, या मतावर मी ठाम आहे. पण स्वतःच्याच विभागाची लेखी शिफारस कारण न देता बाजूला सारणे याचे समर्थन मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात करणार नाही. गुडघ्याच्या ताठरपणापैकी किती भाग रुग्णालयाचा आणि किती त्या बारा दिवसांचा, हे मात्र कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही.

टाकसाळ

सहीच्या कागदाला घाबरू नका. काय समजावले, कोणाला समजावले आणि किती वेळ, हे त्या कागदावर नसेल तर छापील वाक्याचे वजन मर्यादित असते. बारा दिवस मात्र आपणहून तक्रारीत लिहा, समोरच्यांनी उलटतपासणीत बाहेर काढण्याची वाट पाहू नका. २०१० च्या किशन राव निकालानुसार प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा अहवाल सक्तीचा नाही, तरी या प्रकरणात मी तो जोडीन, कारण आपला मुद्दा बारीक आहे. आधी रुग्णालयाला नोटीस पाठवून सात दिवसांची रक्कम आणि दुसऱ्या प्रक्रियेचा खर्च मागा. पहिला भाग ते बहुधा देतील. दुसऱ्या भागावर वाटाघाटी होतील.

पायवाट

नोटिशीचा मसुदा करायला घेतला आहे. बारा दिवस दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले आहेत. आईला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली की त्या फिजिओ मुलीचे नाव कुठेही येऊ देऊ नका, तिची नोकरी जाईल.

टाकसाळ

तिची नोंद हाच आपला मुख्य पुरावा आहे. नाव टाळता येईल, पदनाम लिहा. पण प्रकरण आयोगापुढे गेले तर तिच्या सहीचे पान जोडावेच लागेल, हे आईंना आत्ताच सांगून ठेवा.

पायवाट

सांगितले. ती अजून विचार करते आहे. पुढच्या सप्टेंबरपर्यंत मुदत आहे.

भिंगरी

सप्टेंबर म्हणजे पुन्हा गणपतीचे दिवस. वकीलसाहेब, तुमचे गाव कोणते?

टाकसाळ

सोलापूर. गणपतीत मी पुण्यातच असतो.